पुरळ नेमकं कशामुळे? तुम्ही कारण कसं शोधलंत ते लिहा

अंगावर पुरळ उठलं की पहिला प्रश्न ठरलेला: "काल काय खाल्लंस?" पण बऱ्याचदा कारण खाण्यात नसतं. कातडीला जे लागलं त्यात असतं, आणि तेही दोन-तीन दिवसांपूर्वी लागलेलं. पुरळ कुठे आलं, किती वेळ टिकलं, संशय कसा आला आणि आता काय टाळता, हे सविस्तर लिहा. औषधांचे सल्ले मात्र नकोत, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांवर सोडू.

—

माझ्या पापण्या लाल होऊन सुजायच्या, सालपटं निघायची. काजळ, क्रीम, फेसवॉश सगळं बंद करून झालं, फरक शून्य. त्वचारोगतज्ज्ञांनी डोळे बघायच्या आधी हात पुढे करायला सांगितले. नखांवर जेल पॉलिश होतं! दिवसभरात आपण नकळत कितीदा तरी डोळ्यांना हात लावतो. पापणीची कातडी इतकी पातळ, की बोटांना काही होत नाही तेव्हाही ती चिडते.

मग पॅच टेस्ट केली. संशयित पदार्थ छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून पाठ बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. पहिल्या वेळी माझी पाठ जवळजवळ कोरी होती, अ‍ॅक्रिलेटची (जेल पॉलिशमधल्या रसायनाची) जागा उठली ती दुसऱ्या वेळी. म्हणून कळकळीने सांगते, दुसऱ्या फेरीचा कंटाळा करू नका. अ‍ॅक्रिलेट दातांच्या काही साहित्यातही असतं, त्यामुळे आता दंतवैद्यांनाही आधीच सांगून ठेवते.

—

बेंबीखाली एकच गोल, खाजरा चट्टा. जीन्सचं बटण बरोबर तिथेच टेकायचं. निकेल! त्याच्या तपासणीचं द्रावण मिळतं: कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन धातूवर घासायचं, बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. बक्कल, घड्याळ, चष्म्याची काडी सगळं तपासलं. बटणाच्या आत कापड शिवून घेतलंय.

—

मला चट्टे नाहीत, गांधी उठतात. तासाभरात दंडावरून मांडीवर. डॉक्टरांनी एका गांधीभोवती पेनाने वर्तुळ काढायला सांगितलं. ती २४ तासांच्या आत तिथून विरली तर ते पित्त, म्हणजे अर्टिकेरिया.

हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर बाहेरचं कारण बहुतेकदा सापडतच नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. रक्ततपासणीत भलीमोठी यादी आली आणि घरच्यांनी माझं निम्मं जेवण बंद केलं. रक्तात अँटीबॉडी सापडल्या म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नाही, हे नंतर तज्ज्ञांनी समजावलं. माझ्या बाबतीत गांधी वाढवणाऱ्या गोष्टी निराळ्याच निघाल्या: आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, घट्ट इलॅस्टिक, कढत पाण्याची अंघोळ.

—

वर्तुळाची युक्ती फार उपयोगी आहे. जोडीला फोटोही काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत गांधी गायब झालेल्या असतात!

—

बाबा वर्षानुवर्षं केसांना एकच डाय लावत होते. एकदा कपाळ, कान, मान सगळं सुजलं. "इतकी वर्षं काही झालं नाही" यावर विसंबू नका, अ‍ॅलर्जी कधीही जडते. काळ्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन नडलं. एकदा जडली की सहसा जात नाही. दुसऱ्या कंपनीचा डाय घेऊन भागत नाही, घटक वाचावे लागतात.

—

"अनसेंटेड" लिहिलेल्या क्रीममध्येही मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य असू शकतं. नवीन क्रीम मी आठवडाभर, दिवसातून दोनदा, कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघते आणि मगच चेहऱ्याला. धुऊन टाकायच्या वस्तूंवर, डायवर हा प्रयोग नको.

—

एक राहिलंच. पुरळाबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला किंवा चक्कर आली, तर कारण शोधत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. माझ्या बहिणीला एका अँटिबायोटिक गोळीनंतर हे झालं होतं. त्या औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आता कायम तिच्या पाकिटात असते.