घट्ट झालेल्या सुतारी गोंदात पाणी घालावं का?

लातूरचा सुतार
मागच्या उन्हाळ्यात बसवलेलं देवघराचं दार दिवाळीत परत आलं. सांधा नुसत्या हातानं निघाला. आत गोंद जवळपास नव्हताच, पातळ झालेला सगळा लाकडानं पिऊन टाकला होता. चूक माझी. डबा पत्र्याच्या शेडात, झाकण अर्धवट. गोंद घट्ट झाला की पोरगं ग्लासभर पाणी ओतून काडीनं ढवळायचं. आता माझं मत पक्कं आहे: पांढऱ्या गोंदात कामावर थेंबभरही पाणी घालू नये. स्वस्त पडतो म्हणून मोठा ड्रम घेऊ नये. छोटा डबा घ्यावा, सावलीत ठेवावा, लवकर संपवावा.

परभणीचा फर्निचरवाला
थेंबभरही नाही, हे मला पटत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ वर जायलाय. सहा फुटी फळीवर गोंद फिरवत दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर पहिल्या टोकावर साय धरते. मग कितीही आवळा, पकड येत नाही. हा गोंद मुळात पाण्यातलाच. झाकण उघडं राहिलं की उडतं ते पाणीच, तेवढं परत घातलं तर काय बिघडतं? मी काट्यावर मोजतो: किलोला ५० ग्रॅम, त्यापुढं नाही. तुमचं दार ग्लासभर पाण्यानं सुटलं, ५० ग्रॅमनं नाही.

लातूरचा सुतार
तुम्ही काटा लावता, मान्य. तुमच्यामागं पोरं लावतात का? आज ५०, उद्या परत ५०, हिशोब कोण ठेवतो? आणि साय धरण्यावरचा उपाय फळीवर आहे, डब्यात नाही. ओला फडका घट्ट पिळून फळीवरून एकदा फिरवा, कोरडं लाकूड गोंदातलं पाणी एकदम ओढत नाही. चिकटवायचं काम सकाळी दहाच्या आत उरका.

नांदेडहून
पाण्यावरच बोलणं चाललंय, डब्याचं कुणी काढेना. मी गोंद तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवला होता. आतून गंज धरला, अन् बाभळीच्या पाटाला सांध्यापाशी काळी रेघ उमटली. रंधा मारूनही गेली नाही. गोंद आंबटसर, तो पत्रा खातो. बाभळीतल्या तुरट रसाला लोखंड लागलं की काळं पडतंच. सागालाही होतं. प्लास्टिकचाच डबा ठेवा.
अन् दोन नळ्यांतले भाग कालवून लावायच्या गोंदाला (एपॉक्सी) हा वाद लागूच नाही. तिथं दोन्ही भाग सांगितलेल्या मापातच. उन्हात लवकर धरतो म्हणून हार्डनर (गोंद कडक करणारा दुसरा भाग) कमी घालणारे बघितलेत मी, तो सांधा कायम मऊ राहतो. त्यापेक्षा थोडाथोडा कालवा.

परभणीचा फर्निचरवाला
डब्याचं पटलं. फडक्याचं उद्याच करून बघतो. ५० ग्रॅमबद्दल मात्र माझं मत तेच. अन् डब्यावर धरलेली साय ढवळून आत मिसळू नका, अलगद काढून फेका. तिच्या गाठी सांध्यात अडकल्या की फट राहते, मग पाणी घातलेलं असो का नसो.