मूळ अवयवांची सम-विषमता: ही बेरीज कायम ऋणच राहते का?

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. मी सुदामानगरात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. मुलांसाठी एक क्रमिका तयार केली: प्रत्येक संख्येचे मूळ अवयव पुनरावृत्तीसह मोजायचे (१२ = २ × २ × ३, म्हणजे तीन), मोजणी सम आली तर +१ आणि विषम आली तर −१ लिहायचे, आणि १ ला एकही मूळ अवयव नसल्याने तिथे +१ घ्यायचे. मग सुरुवातीपासून बेरीज करत गेलो, तेव्हा १० पर्यंत १, ०, −१, ०, −१, ०, −१, −२, −१, ० असे आले. संगणकावर दहा लाखांपर्यंत पाहिले, तर ५८६ ला ती शेवटची शून्य झाली आणि पुढे ऋणच राहिली. दहा लाखांवर −५३० आहे. ती पुढेही तशीच राहते, हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर (ग्वाल्हेर)
सर, उलट ते खोटे ठरले आहे. बेरीज २ पासून पुढे कधीच धन होणार नाही, ही गणितज्ञ पोल्या यांची १९१९ मधील अटकळ (सिद्ध न झालेला अंदाज). हेझलग्रोव्ह यांनी १९५८ मध्ये ती प्रत्यक्ष संख्या न दाखवता खोडून काढली, लेहमन यांनी १९६० मध्ये ९०,६१,८०,३५९ ही संख्या दाखवली, आणि सर्वांत लहान अपवाद ९०,६१,५०,२५७ हा तनाका यांनी १९८० मध्ये शोधला. तिथे बेरीज जेमतेम +१ होते.

उत्तर (वडोदरा)
ऋणाकडे कल का, हेही सांगायला हवे. कोणत्याही संख्येच्या सर्व विभाजकांची चिन्हे मिळवा: १२ साठी (१, २, ३, ४, ६, १२) बेरीज ० येते, ९ साठी (१, ३, ९) मात्र १. पूर्ण वर्ग असेल तर १, नाहीतर ०, हा नियम सर्वत्र लागू आहे, आणि क्ष पर्यंत पूर्ण वर्ग √क्ष च्या आसपासच असल्याने तुमच्या चालू बेरजेत √क्ष चे एक पद येते. त्याचा सहगुणक म्हणजे झीटा फलाच्या (१ + १/२ˢ + १/३ˢ + … या मालिकेचा विस्तार करून मिळणाऱ्या फलाच्या) १/२ येथील किमतीचा व्यस्त. ती किंमत सुमारे −१.४६ असल्याने हे पद जवळपास −०.६८५√क्ष होते. दहा लाखांवर ते −६८५ भरते. तुमच्या −५३० शी ताडून पाहा. उरलेला फरक झीटाच्या शून्यस्थानांतून (जिथे त्याची किंमत शून्य होते त्या बिंदूंतून) उठणाऱ्या लाटांचा, म्हणजे वरखाली होणाऱ्या पदांचा आहे. नव्वद कोटींच्या त्या अपवादापाशी हे पद सुमारे −२०,६०० असते, म्हणून तेवढे भरून काढण्याइतक्या लाटा एकाच दिशेने जुळून याव्या लागतात. अपवाद इतका दूर असण्याचे कारण मला हेच वाटते.

उत्तर (ग्वाल्हेर)
वरच्या उत्तराला एक जोड देतो. क्ष चा घात १/२ पेक्षा कितीही किंचित मोठा घेतला, तरी ही बेरीज त्या घाताच्या स्थिर पटीत मावते, हे विधान रीमानच्या गृहीतकाशी (झीटाची सर्व अक्षुल्लक शून्यस्थाने वास्तव भाग १/२ असलेल्या रेषेवरच आहेत, या अजून सिद्ध न झालेल्या विधानाशी) समतुल्य आहे. त्यामुळे पोल्यांची अटकळ पडली, तरी या बेरजेच्या वाढीचा प्रश्न आजही खुलाच आहे.