वय ३९, दोन मुलं, आणि आर्ट थेरपिस्ट व्हायचंय

रेघोटी

सरळ मुद्द्यावर येते. गेली १४ वर्षं मी पॅकेजिंग डिझाइन करतेय. खोक्यावरची अक्षरं, बारकोडची जागा, 'येथे उघडा'चा बाण. काम वाईट नाही आणि पगार वेळेवर होतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ५ चा. नवऱ्याच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात.

दोन वर्षांपूर्वी बाबांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द मात्र सापडायचे नाहीत. उजवा हातही गेला होता. एका दुपारी, नुसता वेळ जावा म्हणून, मुलाचा तेलखडू त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघत राहिले. मी तिच्यावर उभी ओढली. मग त्यांनी, मग मी. कागद संपला तेव्हा एक रेघ चादरीवरही गेली. शेवटी त्यांनी वाकडातिकडा चौकोन काढला आणि त्यावर तीनदा बोट आपटलं. मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. खिडकी. पडदा सरकव म्हणत होते. सहा आठवड्यांत त्यांनी मला 'सांगितलेली' ती पहिली गोष्ट.

बाबा गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. आर्ट थेरपीबद्दल, म्हणजे चित्र-मातीकामाच्या आधाराने मनावर उपचार करण्याबद्दल, वाचतेय, रात्री मुलं झोपली की अभ्यासक्रम शोधतेय. माझं शिक्षण उपयोजित कलेचं, मानसशास्त्राचा गंध नाही. शनिवार-रविवारचे सर्टिफिकेट कोर्स भरपूर दिसतात, ते करून सुरुवात करता येईल का? घर सांभाळून हे कुणी केलंय का? आणि एक प्रश्न मनातला: मुलं एवढी लहान असताना मी हे स्वतःसाठी मागणं म्हणजे जरा अतीच होतंय का? घरात कुणी तसं म्हणालेलं नाही. मीच म्हणतेय.

निळीशाई

रेघोटी, अगं-तुगं करते, बहुधा मीच मोठी असेन. मी ४१व्या वर्षी बँकेतली पूर्णवेळ नोकरी सोडून शिकायला गेले. आता थेरपिस्ट म्हणून कामाचं हे सहावं वर्ष.

आधी कडू बोलून घेते. बाबांबरोबर तू जे केलंस ती थेरपी नव्हती. तू त्यांची लेक होतीस. चौकोन म्हणजे खिडकी हे कळल्यावर तुला रडू फुटलं असेल, आणि तिथे ते फुटायलाच हवं होतं. उद्या दुसरा कुणी तुझ्यासमोर चौकोन काढेल, तुला बाबा आठवतील, आणि तरीही तो तास त्या माणसाचाच राहिला पाहिजे. प्रवेशाच्या मुलाखतीत तू हा प्रसंग सांगशीलच. सगळे असा एखादा प्रसंग घेऊनच येतात, मीही नेला होता. मला विचारलं गेलं, "याचं तुम्ही आता काय करता?" मी गप्प बसले. माझं पहिलं वर्ष त्याच्या उत्तरात गेलं. ब्रिटनमधल्या अभ्यासक्रमांत शिकणाऱ्याने स्वतः थेरपी घेणं सक्तीचं असतं ते याचसाठी. तो वेळ आणि तो खर्च फीपेक्षा वेगळा धर. माझं गणित तिथेच चुकलं होतं.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर, शनिवार-रविवारच्या कोर्सने तुला चव कळेल. जरूर कर. पण तेवढ्यावर उपचारासाठी माणसं घेऊ नकोस. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. तिथलं पदव्युत्तर शिक्षण पूर्णवेळ दोन वर्षांचं, अर्धवेळ केलं तर साधारण तीन. अमेरिकेत ६० क्रेडिटची मास्टर्स, आणि नोंदणीसाठी त्यानंतरही देखरेखीखाली भरायचे तास. बऱ्याच देशांत असा कायदाच नाही, कुणीही पाटी लावू शकतो. तिथे तर जास्तच पारखून घे. खऱ्या माणसांबरोबर किती तास काम करायला मिळतं, त्या कामावर नजर कोण ठेवतं, एवढं विचार. पहिल्या प्रश्नाला कोर्सवाले अडखळले की फोन ठेव. मानसशास्त्र नसल्याची काळजी नको, पायाभूत विषय आधी किंवा सोबत करता येतात. या क्षेत्रात कला आणि मानसशास्त्र, दोन्ही दारांनी माणसं आलीत. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली रूढ केला तो एड्रियन हिल नावाच्या चित्रकाराने. स्वतः क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चित्रं काढत राहिला आणि मग शेजारच्या रुग्णांनाही कामाला लावलं. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग शिक्षणाकडून आणि मनोविश्लेषणाकडून आली, ईडिथ क्रेमर चित्रकलेकडून. दोघींचं पटायचं नाही. चित्र हे मनातलं बोलायला लावण्याचं साधन, की चित्र काढणं हाच उपचार, हा वाद अजून मिटलेला नाही.

आता तुझ्या हाताबद्दल. तुला चित्र येतं याचा उपयोग आहे, पण तुला वाटतोय तो नाही. क्रेमर थेरपिस्टच्या 'तिसऱ्या हाता'बद्दल बोलायची. समोरच्याचा मातीचा पुतळा कलायला लागला तर आधार कसा द्यायचा ते दाखवणारा, हवा तो रंग कालवून देणारा, पण स्वतःची रेघ त्यात न घुसवणारा हात. बारकोडची जागा ठरवणाऱ्या तुझ्या हाताला हे फार जड जाईल बघ. कागदाच्या पार कोपऱ्यात काढलेलं झाड मध्ये आणावंसं वाटेल. हात मांडीखाली दाबून बसायचं.

पण साहित्याची तुझी जाण कामाला येईल. ओला जलरंग पळतो, पेन्सिल ऐकते. सांडतोय की काय अशा अवस्थेतल्या माणसाला मोठा ओला कागद दिलास तर तो अजून सांडेल. त्याला आधी कडा लागतात: पेन्सिल, कोलाज, छोटा कागद. उलट जो सगळं पट्टीने आखून बोलतो, त्याला कधीतरी बोटाने रंग फासू द्यायचा. सँड्रा केगिन आणि विया लुसेब्रिंक यांनी १९७८ मध्ये याची नीट चौकट मांडली. आम्हाला ती पहिल्याच वर्षी शिकवली आणि मी परीक्षेत छान लिहिलीही.

आणि तरी पुढचा घोळ घातलाच. इंटर्नशिपमधला सातेक वर्षांचा मुलगा, तिसरं सत्र. आख्खा कागद काळा केला. मी घरी येऊन वहीत पाऊण पान लिहिलं: अंधार, दडपण, वडिलांचं जाणं. माझ्या सुपरव्हायजर बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "बाकीच्या बाटल्या उघडत होत्या का?" दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. पोस्टर कलरच्या सहा बाटल्यांपैकी पाचांची झाकणं वाळलेल्या रंगाने घट्ट चिकटली होती. माझ्याच्याने उघडेनात, तो तर सात वर्षांचा. आणि त्याने मला उघडून द्या असं म्हटलंही नव्हतं. सुपरव्हायजर म्हणाल्या, लिहायचं असेल तर ते लिहा, की मदत मागितली नाही. 'काळा म्हणजे दुःख' असलं कोष्टक कुणी शिकवायला लागलं तर तिथून ऊठ. आजही सत्राआधी मी झाकणं सैल करून ठेवते.

खुंटीवरचा कोट

मी थेरपिस्ट नाही. थेरपिस्टचा नवरा आहे, म्हणजे या प्रकरणातला स्वयंपाकी, ड्रायव्हर आणि कधीमधी श्रोता.

रेघोटीताई, वेळेचं सगळे विचारतात. वेळ निघतो हो. आम्ही फ्रिजवर तक्ता लावला होता, तो तीन आठवडे टिकला, नंतर सवयीने चालू राहिलं. वेळ काढूनही जे राहतं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. बायको तासभर कुणाचं तरी ऐकून यायची आणि घरी आल्यावर तिच्यात ऐकण्याची ताकदच उरलेली नसायची. काय झालं हे मला सांगताही यायचं नाही, गोपनीयता. मी विचारायचो "कसा गेला दिवस", ती म्हणायची "गेला". पहिले सहा महिने मला वाटलं, आमचं काहीतरी बिनसलंय.

मग आमच्यात ठरलं की आल्यावर वीस मिनिटं तिला कुणी हाक मारायची नाही. ती हात धुते, कपडे बदलते आणि गॅलरीत बसते. लहान मूल असलेल्या घरात ही वीस मिनिटं म्हणजे काय हे तुम्हाला कळेल. ती मी राखली, माझ्या नावावर तेवढंच श्रेय लिहा. तुमच्याकडे शिफ्ट बदलत्या आहेत, म्हणजे ती वीस मिनिटं रोज कोण राखणार हे फी भरायच्या आधी नवऱ्याबरोबर बसून बोला.

दुसरी गोष्ट, आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. रोज चित्र काढून आईला दाखवायची, ते अचानक बंद झालं. वह्या गादीखाली सापडायला लागल्या. विचारलं तर म्हणाली, "आई हल्ली म्हणते, मला या चित्राबद्दल सांगशील? पूर्वी म्हणायची, अय्या घोडा!" बायकोला हे सांगितलं त्या रात्री ती बराच वेळ काही बोलली नाही. आता आमच्या घरात घोड्याला घोडाच म्हणतात. गाय असली तरी.

शंकासुर

सगळं हृद्य आहे, पण एक बोचरा प्रश्न. याला पुरावा किती? रंगवायच्या वह्या घेऊन बसलं तरी मन शांत होतं. त्यासाठी नोकरी सोडून तीन वर्षं शिकायचं? हप्ते असतील, मुलांचं शिक्षण आहे. बाईंना नाउमेद करायचं नाही, पण धाग्यावर कुणीतरी हे विचारायला हवं.

निळीशाई

शंकासुर, विचारलंत ते बरं केलंत. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा एक अभ्यास बऱ्याचदा पुढे केला जातो. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्र, माती, कोलाज असं काही केलं, आणि सुमारे ७५ टक्क्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. पण माणसं थोडी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. यावरून 'आर्ट थेरपीने आजार बरे होतात' असं कुणी म्हणालं तर हात जोडावेत. मी औषध बंद करा असं कधीही सांगत नाही, मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच काम करते.

रंगवायच्या वहीने शांत वाटतं, खरं आहे. पण रंगवता रंगवता एखादा थरथरायला लागला तर वही काही करू शकत नाही. शिकायचं ते तेवढ्यासाठी.

पैशाचं तुमचं बरोबर आहे. रेघोटी, मी पहिली दोन वर्षं बँकेतच अर्धवेळ होते. पदवी मिळाल्यावरही पूर्ण पगाराची जागा लगेच मिळाली नाही. आठवड्यात एक दिवस शाळा, दोन दिवस रुग्णालय, असं तुकड्या-तुकड्यांनी जमवलं. जुन्या पगाराला मी अजून पोचलेले नाही. ही ओळ नवऱ्याला वाचून दाखव.

अवांतर: मुलांच्या मित्रमैत्रिणी, नातेवाईक, शेजारी यांना उपचाराला घ्यायचं नाही. तू शिकायला लागलीस की पंधरा दिवसांत कुणीतरी म्हणेल, "आमच्या पिंट्याचं चित्र बघ ना जरा." नाही म्हणायची तयारी आत्तापासून कर.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. निळीशाई, 'ती थेरपी नव्हती' हे वाचून आधी राग आला. फोन उलटा ठेवून भांडी घासली. मग परत वाचलं.

खुंटीवरचा कोट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, पगाराच्या ओळीसकट. तो पगारावर काही बोलला नाही. म्हणाला, वीस मिनिटं रात्रपाळीच्या आठवड्यात जमणार नाहीत, त्या आठवड्यात काय करायचं ते सांग. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मुलगी मध्येच म्हणाली, मी सांभाळते भाऊला. ती ११ वर्षांची आहे, तिच्यावर हे टाकायचं नाही एवढं मात्र मी ठरवून टाकलंय.

तूर्तास असं करतेय: नोकरी सोडत नाही. या सत्रापासून मानसशास्त्राचा पायाभूत पेपर दूरशिक्षणाने. स्वतःसाठी थेरपिस्ट शोधायला घेतलाय, पहिली वेळ पुढच्या गुरुवारी. एका संस्थेला फोन करून तासांचं विचारलं. "तासांचं काय ते नंतर बघू, आधी सीट बुक करा," म्हणाले. ठेवला फोन.

काल रात्री मुलाने कागदाच्या पार खालच्या कोपऱ्यात एक इवलीशी गाडी काढली, बाकी सगळा कागद कोरा. मी हात मांडीखाली घेतले. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, तुला थंडी वाजतेय का?"