उत्पन्न घटलं, हप्ते तेवढेच: आधी कशाला हात घालायचा?

हिशेबवही (धागाकर्ता)

पगार कापला गेला, दोघांपैकी एकाची नोकरी गेली, धंद्याची उलाढाल अर्ध्यावर आली. कारण काहीही असो, घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "आता खर्च आवरायला हवा." मग दिवे बंद, बाहेरचं खाणं बंद, मुलांची सहल बंद. सगळे महिनाभर पोटाला चिमटा काढतात आणि महिनाअखेरीला जमाखर्चाची तोंडमिळवणी तरीही होत नाही. कारण मोठी रक्कम दिव्यांत जातच नव्हती. ती महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत हप्ते, भाडं, विमा आणि फी यांतून खात्यातून आपोआप निघून जाते, आणि तिकडे कोणी बघत नाही.

माझं म्हणणं असं की उत्पन्न घटल्यावर आधी हप्त्यांना हात घालावा, किराण्याला नंतर. आणि कर्जांचा क्रम व्याजदर बघून लावू नये. दोन प्रश्न विचारावेत. हा हप्ता थकला तर माझं काय जाईल? आणि हे कर्ज मिटवलं तर दरमहा किती सुटेल?

पहिल्या प्रश्नाने घर, कमाईचं साधन असलेली गाडी किंवा यंत्र, आणि ज्याला कोणी जामीन राहिलंय ते कर्ज वर येतं. दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक कर्जाची शिल्लक त्याच्या हप्त्याने भागा. उत्तर जितकं लहान, तितका ते कर्ज मिटवल्यावर हातात लवकर पैसा मोकळा होतो.

यासाठी तीन महिन्यांचं खातेपत्रक कागदावर छापून घ्या. फोनवर नको, फोनवर माणूस वर सरकवत पुढे जातो. आपोआप कापल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर खूण करा आणि शेजारी लिहा की ती थांबवायची तर कोणाला फोन करावा लागेल. वर्षातून एकदाच कापली जाणारी वर्गणी तीन महिन्यांत दिसत नाही, ती वेगळी शोधा. विम्याची ओळ मात्र खोडू नका. कमी उत्पन्नात एक आजारपण आलं तर ते थेट नव्या कर्जातच नेतं.

५०-३०-२० चा नियम (निम्मं उत्पन्न गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचत आणि कर्जफेडीला) अशा वेळी चालत नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच मांडलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. उत्पन्न घटतं तेव्हा गरजा त्या प्रमाणात घटत नाहीत. म्हणून टक्केवारी गाळून रकमा मांडा, आणि एकही हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जा. तोवर तुम्ही नियमित ग्राहक असता. दोन हप्ते थकल्यावर समोर वसुलीचा माणूस असतो आणि त्याच्या हातात मुदत बदलायचा अधिकार बहुधा नसतो.

सरळरेषा

धाग्यातलं खातेपत्रकाचं पटलं. क्रमाचं अजिबात पटलं नाही, आणि ते वाचून कोणी तसं वागलं तर त्याचं नुकसान होईल म्हणून सविस्तर लिहितो.

क्रेडिट कार्डाचं व्याज महिना ३ टक्के धरा. बारा महिने चक्रवाढीने ते ४२.६ टक्के होतं. पत्रकावर "किमान देय" म्हणून ५ टक्के लिहिलेलं असतं असं समजू. शंभराच्या उधारीवर व्याज चढून १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता, उधारी ९७.८५ उरते. म्हणजे भरलेल्या पाचातले तीन व्याजात गेले. या गतीने, एकही नवी खरेदी न करता, उधारी निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. शिवाय मागची बाकी असेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. अशा कर्जाला मागे ठेवून वर्षाला ११ टक्क्यांचं एखादं कर्ज आधी फेडायचं, हे गणितात कुठेच बसत नाही.

आणि "कर्ज देणाऱ्याकडे जा, मुदत वाढवून घ्या" हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण त्याचा हिशेब करून पाहा. ९ टक्के दराचं २० वर्षांचं गृहकर्ज. दर लाखामागे हप्ता सुमारे ९००. मुदत ३० वर्षं केली तर हप्ता सुमारे ८०५. दहा वर्षं जास्त फेडायचं आणि महिन्याला सुटतात ९५. एकूण व्याज लाखामागे १.१६ लाखावरून १.९० लाखावर जातं.

हप्ते पुढे ढकलणं तर त्याहून वाईट. २०२० च्या साथीत बऱ्याच देशांत ही सवलत मिळाली, तेव्हा अनेकांना वाटलं की व्याजही थांबलं. बहुतेक ठिकाणी ते चालूच होतं. याच कर्जाचे सुरुवातीचे सहा हप्ते सोडले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर एकूण हप्ते २४० चे २७५ होतात. सहाच्या बदल्यात पस्तीस जादा.

अंगणवेल

तुम्ही दोघेही कर्जाच्या आकड्यांत शिरलात. मला धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदाबद्दल बोलायचंय. दिवे बंद करून काही होत नाही, हे मला मान्य नाही.

हप्ता एकदा ठरला की ठरला. बँकेने नाही म्हटलं तर विषय संपला. घरखर्च ही एकच गोष्ट अशी आहे जिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आज संध्याकाळपासून सुरू करता येतं. आणि तिचा उपयोग फक्त वाचलेल्या रकमेपुरता नाही. घरातली चारही माणसं जेव्हा एका कागदावर रोजचा खर्च लिहायला लागतात, तेव्हा पहिल्यांदाच मुलांना कळतं की परिस्थिती बदललीय. ते न कळता नुसतं "नाही" ऐकायला मिळालं तर मुलं रुसतात, आणि मग आईबाप अपराधी वाटून कार्डावर वस्तू आणतात. हे मी अगदी जवळून पाहिलंय.

हिशेबवही, तुम्ही हप्ता कमी करून आणलात आणि घरातल्या सवयी तशाच राहिल्या, तर सुटलेला पैसा दोन महिन्यांत कुठे गेला ते कोणाला सांगता येणार नाही. आधी हात आवरायला शिका, मग बँकेत जा. अंथरूण आखूड झालंय हे घरात सगळ्यांना दिसायला हवं.

हिशेबवही

अंगणवेलताई, मुलांबद्दल म्हणालात ते शंभर टक्के खरं. मी क्रमाबद्दल बोलत होतो, काटकसर करू नका असं म्हणत नाही. हप्त्यांचं बोलणं करायला एक आठवडा लागतो, सवयी बदलायला सहा महिने. हप्त्याची तारीख मात्र सहा महिने थांबत नाही, म्हणून तो आधी.

सरळरेषा, तुमची सगळी आकडेमोड बरोबर आहे. पण ती ज्याचं उत्पन्न पूर्वीइतकंच आहे त्याच्यासाठी आहे. एक उदाहरण घेऊ. हातात ४० हजार आहेत. वैयक्तिक कर्जाची शिल्लक ४० हजार, हप्ता ८ हजार, दर ११ टक्के. कार्डाची बाकी १ लाख, किमान देय ५ हजारांच्या आसपास.

तुमच्या पद्धतीने ४० हजार कार्डात टाकले. किमान देय ३ हजारांवर आलं, महिन्याला सुटले २ हजार. माझ्या पद्धतीने कर्ज मिटवलं. महिन्याला सुटले ८ हजार, तेही या महिन्यापासून. ते आठही हजार दरमहा कार्डात टाकले तर पाचेक महिन्यांत कार्ड तुमच्या पद्धतीइतकंच खाली येतं. जादा व्याज किती गेलं? सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास. त्या पाच महिन्यांत घरात काही अचानक उद्भवलं, तर माझ्याकडे दरमहा ८ हजार हलवायला मोकळे आहेत, तुमच्याकडे २. अडीच हजार देऊन मी तो मोकळेपणा विकत घेतला, आणि घटलेल्या उत्पन्नात मला तो स्वस्त वाटतो.

हप्ते ढकलण्याबाबतही एक भर घालतो. सुरुवातीच्या सहा हप्त्यांचे पस्तीस होतात, कारण तेव्हा ९०० च्या हप्त्यात ७५० व्याजच असतं. तेच कर्ज शेवटच्या पाच वर्षांत आलं असेल, तर सहा हप्ते ढकलल्यावर उरलेले ६० चे ६४ होतात. कर्ज नवं असेल तर तुमचा इशारा लाखमोलाचा. कर्ज जुनं असेल तर घाबरून जायचं कारण नाही. सरसकट "ढकलू नका" म्हणणं म्हणूनच योग्य नाही.

जामीनदार

धाग्यात "जामीन राहिलेलं कर्ज" एका ओळीत उरकलंय. तेवढं पुरेसं नाही.

मी एका नातेवाइकाला जामीन होतो. त्यांचं उत्पन्न घटलं, त्यांनी मोठ्या निष्ठेने जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडलं आणि माझ्या सहीचं मागे ठेवलं. मला कळलं ते माझ्याच कर्जाचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा. मुख्य कर्जदाराने थकवलं की कर्ज देणारा जामीनदाराकडे मागू शकतो, त्याचीही पत खराब होते. ज्यांच्या कर्जावर दुसऱ्याची सही आहे त्यांनी हप्ता चुकायच्या आधी त्या माणसाला घरी जाऊन सांगावं. संदेश पाठवून नाही, समोर बसून. व्याजदराच्या कोणत्याही तक्त्यात ही रक्कम दिसत नाही.

मनमोकळी

वरचं सगळं वाचताना सारखं वाटत होतं की हे हिशेब करायला डोकं शांत लागतं, आणि ज्याच्यावर वेळ आलीय त्याचं डोकं शांत नसतं.

यावर २०१३ साली "सायन्स" नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या बुद्धिचाचण्या कापणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि कापणीनंतर, पैसे आल्यावर, घेतल्या. माणसं तीच, पण आधीची कामगिरी नंतरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी होती. पैशाची ओढाताण विचारशक्तीच खाते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

म्हणून अंगणवेलताई, रोजचा प्रत्येक खर्च लिहा हे मला जड वाटतं. ज्याच्या मनावर आधीच ओझं आहे त्याला दिवसातून वीस वेळा "घेऊ की नको" ठरवायला लावणं क्रूर आहे. आठवड्याची रोख रक्कम पाकिटात काढून ठेवावी, संपली की संपली. एकच निर्णय, आठवड्यातून एकदा.

सरळरेषा, तुमच्या व्याजदराच्या क्रमालाही हेच लागू आहे. गॅल आणि मॅकशेन या दोघांनी २०१२ साली कर्जबाजारी लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांनी एकेक खातं पूर्ण बंद करत नेलं ते सगळ्या कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता जास्त दिसली, मग त्या खात्यातली रक्कम लहान का असेना. एक खातं शून्यावर आल्याचं पत्र हातात पडतं तेव्हा घरात काय हलकं वाटतं, ते तुमच्या ४२.६ मध्ये मोजता येत नाही.

आणखी एक, कोणीच बोललं नाही म्हणून. जोडीदारापासून लपवलेलं कर्ज. कागद पसरण्याआधी ते सांगून टाका. अर्धीच कर्जं मांडलेला तक्ता कितीही नीट आखला तरी खोटाच.

सरळरेषा

जामीनदारांचा मुद्दा पूर्ण मान्य, ते कर्ज दर न बघता वर घ्यायलाच हवं. हिशेबवहींच्या उदाहरणात पाच हप्तेच उरले होते म्हणून फरक अडीच हजारांत आटोपला. तिथे मी मागे हटतो. पण त्याच कर्जाचे तीस हप्ते उरले असतील तर मी माझ्याच बाजूने उभा आहे. आणि "सुटलेले आठ हजार दरमहा कार्डात टाकले तर" यातला "तर" फार मोठा आहे. बहुतेक घरांत ते टाकले जात नाहीत. टाकायचे असतील तर त्याच तारखेला आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.

मनमोकळी, हलकं वाटण्याचं महत्त्व मी नाकारत नाही. त्यासाठी किती किंमत मोजतोय हे माहीत असावं, इतकंच.

उलट माझाच एक प्रश्न आहे. कार्ड ३ टक्क्यांनी चढतंय आणि बचत खात्यात वर्षाला त्याच्या पासंगालाही न पुरणारं व्याज मिळतंय. मग राखून ठेवलेली सगळी रक्कम कार्डात टाकून, गरज पडली तर पुन्हा कार्डच का वापरू नये?

हिशेबवही

कारण कार्डाची मर्यादा तुमची नसते. २००८ च्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेतल्या कार्ड कंपन्यांनी अनेक ग्राहकांच्या मर्यादा खाली आणल्या, नेमकं लोकांचं उत्पन्न घसरत होतं तेव्हाच. बाकी भरून झाली आणि मागून मर्यादाही कापली गेली, तर हातात रोकड नाही आणि उधारीही नाही. किमान एक महिन्याचं भाडं, अन्न, औषधं आणि घराचा हप्ता एवढं बाजूला ठेवून उरलेलं खुशाल कार्डात टाका. तीन-सहा महिन्यांचा राखीव निधी आत्ता नको, त्यावर तुमच्याशी सहमत.

अंगणवेल

मनमोकळी, पाकिटाची युक्ती चांगली आहे, पण आमच्याकडे घरातले सगळे फोनवरूनच पैसे देतात. पाकिटात रोख ठेवली तरी फोन हातात असतोच. त्यावर कोणी काही केलंय का?

मनमोकळी

हो. खर्चासाठी वेगळं खातं उघडा आणि फोनवर फक्त तेच जोडा. दर सोमवारी त्यात आठवड्याची रक्कम टाका. मुख्य खातं, जिथून हप्ते जातात, ते फोनवरून काढून टाका. आणि कार्डाचे क्रमांक ज्या ज्या ठिकाणी साठवून ठेवलेत तिथून एकेक करून पुसा. याला एक अख्खी दुपार जाते, पण शोधायला बसलात की किती ठिकाणी ते पडून आहेत ते दिसेल.