सल्लागार शिक्षकांची पुस्तिका: दर जूनला छापावी की नियम बदलेल तेव्हा बदलावी?

मूळ मांडणी – जळगाव, कला शाखेतील प्राध्यापिका

आमच्या महाविद्यालयात प्रत्येक प्राध्यापकाकडे मेंटॉर म्हणून काही विद्यार्थी सोपवलेले असतात. विषयांची निवड, श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब, मध्येच शिक्षण थांबवणे अशा सगळ्या प्रश्नांसाठी आमच्या हाती एकच मार्गदर्शक पुस्तिका असते. ती जूनमध्ये छापली जाते आणि पुढच्या जूनपर्यंत तशीच राहते. ही पद्धत बंद करावी, पुस्तिका ऑनलाइन ठेवावी आणि परिपत्रक आल्यापासून आठ दिवसांत तिच्यात दुरुस्ती व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्याकडच्या एका मुलाला घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर सुरतेला कामाला जायचे होते. मी पुस्तिका उघडून त्याला सांगितले, की ४० श्रेयांक पूर्ण आहेत, त्यामुळे तुला प्रमाणपत्र मिळेल. दिवाळीत तो प्रमाणपत्र घ्यायला आला, तेव्हा कार्यालयाने त्याला परत पाठवले, कारण एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला त्याशिवाय ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. ती सूचना कार्यालयाच्या फायलीत होती, माझ्या पुस्तिकेत नव्हती. त्या मुलाने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

प्रतिसाद – धडगाव, विज्ञान शाखेतील प्राध्यापक

मॅडम, आपली तळमळ पटते, पण उपाय पटत नाही. सातपुड्यातल्या आमच्या गावांत नेटवर्क भरवशाचे नाही. प्रवेशाच्या दिवशी पाड्यावरून आलेले पालक समोर बसलेले असतात आणि पान उघडत नाही, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे. हाती कागद असला तर मी त्यावर बोट ठेवून पावरी बोलीत समजावू शकतो.

त्याहून मोठा मुद्दा निराळा आहे. आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, परंतु त्याआधी प्रवेश घेतलेले आणि एखाद्या विषयात राहिलेले विद्यार्थी अजून जुन्याच नियमांनी परीक्षा देत आहेत. ऑनलाइन पुस्तिकेत जुने वाक्य पुसून नवे लिहिले, की २०२३ च्या विद्यार्थ्याला लागू असणारा नियम नाहीसा होतो. छापील आवृत्तीवर साल असते आणि ती जपून ठेवता येते. विद्यार्थी ज्या वर्षी आला, त्या वर्षीचे पुस्तक त्याच्यासाठी प्रमाण, ही शिस्त मोडू नये.

प्रतिसाद – धुळे, महाविद्यालयीन कार्यालयातील वरिष्ठ लिपिक

सरांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण जूनची वाट पाहणे मान्य नाही. आमच्या टेबलावरची प्रत आपण पाहावी: परीक्षेच्या प्रकरणात तीन चिठ्ठ्या डिंकाने चिकटवलेल्या आहेत, एका चिठ्ठीखाली दुसरी आहे, आणि कुठल्याही चिठ्ठीवर ती कोणी, कोणत्या तारखेला लावली हे लिहिलेले नाही. मेंटॉर एक सांगतात, आम्ही दुसरे सांगतो आणि मूल दोन खोल्यांमध्ये हेलपाटे घालते. दुरुस्ती करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि प्रत्येक दुरुस्तीखाली परिपत्रकाचा क्रमांक, दिनांक व कोणत्या प्रवेशवर्षाला ती लागू आहे, हे यावे. हे झाल्याशिवाय छापील की ऑनलाइन या वादाला अर्थ नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

धडगावच्या सरांनी जुन्या तुकड्यांचा मुद्दा मांडला नसता, तर मी नव्या नियमांच्या घाईत तेच नुकसान दुसऱ्या मुलांचे केले असते. तो मी स्वीकारते. जुना मजकूर पुसू नये, प्रवेशवर्षासह खाली ठेवावा. कागद नको हा माझा आग्रहही सोडते, मात्र बांधीव पुस्तकाऐवजी सुट्या पानांची फाईल असावी, म्हणजे बदललेले एकच पान एसटीच्या पार्सलनेही पोहोचेल.

एका बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. पुस्तिकेत नियम आणि सल्ला एकत्र मिसळलेले आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यालाच चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, हा नियम झाला. ७० टक्क्यांच्या मुलीला संशोधनाविना साधा ऑनर्स घे म्हणावे, की तीन वर्षांची पदवी घेऊन बी.एड.कडे वळ म्हणावे, हा सल्ला झाला, आणि तो तिच्या घरची परिस्थिती पाहूनच द्यावा लागतो. नियमाचे पान कार्यालयाने बदलावे, सल्ल्याचे पान आम्ही शिक्षकांनी लिहावे.

प्रतिसाद – धडगाव

सुटी पाने चालतील, पण नवे पान मिळाल्याची सही प्रत्येक मेंटॉरकडून घेतली जाणार असेल तरच. नाहीतर ते पान टपालाच्या गठ्ठ्यात पडून राहील आणि आपल्या त्या विद्यार्थ्यासारखा आणखी एक जण रिकाम्या हाताने घरी जाईल.