गुंतवणूकदाराला बोर्डावर घ्यावं का?

हिशेबवही:
माझ्या भाच्याची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनी आहे. बावीस माणसं, पाच वर्षं ग्राहकांच्या पैशावर चाललेली. आता एक व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे वाढत्या कंपन्यांत हिस्सा घेऊन गुंतवणूक करणारी संस्था, पैसे घालायला तयार आहे, पण बोर्ड वाढवायचा म्हणतो. आज भाचा आणि त्याचा भागीदार दोघेच संचालक आहेत. उद्या पाच होतील: दोघे हे, दोघे फंडाचे, एक स्वतंत्र, म्हणजे दोन्ही बाजूंशी संबंध नसलेला. ताई म्हणते, घर आपण बांधायचं आणि किल्ल्या परक्याच्या हातात द्यायच्या?

मला मात्र वाटतं, घ्यावं. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर किंमत लावलेली कंपनी, आणि मार्च २०२२ला संपलेल्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशेब जून २०२३ पर्यंत तयार नव्हते. हिशेब तपासणाऱ्या डेलॉइटने काम सोडलं, त्याच सुमारास गुंतवणूकदारांचे तिन्ही संचालक बाहेर पडले. मागे राहिले बायजू रवींद्रन, त्यांची पत्नी आणि भाऊ. तोंडावर विचारणारा कोणी तरी लागतोच.

पवईकर:
तुमच्याच उदाहरणातून उलट निघतं. ते तिघे बोर्डावर होते ना? मग थांबवलं काय? २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी विकत घेतली, २०२१ मध्ये आकाश क्लासेस, त्याच वर्षी १.२ अब्ज डॉलरचं कर्ज काढलं. कंपनी फुगत होती तोवर खुर्च्या भरलेल्या होत्या, हिशेब मागायची वेळ आली तेव्हा रिकाम्या झाल्या.

आमच्या पवईचं हाउसिंग डॉट कॉम आठवा, घरं शोधायची वेबसाइट. २०१२ मध्ये आयआयटीच्या मुलांनी उभं केलं. डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूकदाराच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले, आणि १ जुलै २०१५ला बोर्डाने संस्थापकांपैकी एक आणि सीईओ असलेल्या राहुल यादवला काढलं. त्याची भाषा उर्मट होती, त्याआधी देऊन मागे घेतलेल्या राजीनाम्याच्या पत्रात त्याने संचालकांची अक्कल काढली होती, हे मान्य. पण माणूस गेल्यावर कंपनी सावरली का? २०१७ मध्ये प्रॉपटायगर या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. फंडालाही साधारण दहा वर्षांत आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे असतात. त्याचा माणूस बोर्डावर बसतो तो ते कॅलेंडर घेऊनच. भाच्याला पंधरा वर्षं हीच कंपनी चालवायची असेल तर?

सनद:
कायद्याचा मुद्दा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे संचालकाची बांधिलकी कंपनीशी असते. त्याला फंडाने नेमलं असलं तरीही. प्रायव्हेट लिमिटेडला स्वतंत्र संचालक नेमायची सक्ती नाही. बायजूजने जुलै २०२३ मध्ये सल्लागार मंडळ नेमलं, त्यात स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष रजनीश कुमार आणि इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पै होते. नावं मोठी, पण सल्लागाराला बोर्डात मत नसतं. त्यामुळे खुर्च्या किती यापेक्षा पाचवी खुर्ची कोण भरणार, ते बघा. दोन विरुद्ध दोन झालं की निकाल तोच लावतो.

रानवारा:
मी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत होते. पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसायचा, खात्यात मात्र सात महिने भरलेलाच नव्हता. आम्ही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पुढच्या आठवड्यात’. पैसे घातलेल्या फंडाची बाई बोर्डावर आली आणि पहिल्याच बैठकीत तिने चलनं मागितली. त्या महिनाअखेर सगळा भरणा झाला. कॅलेंडर कोणाचंही असो, मला माझे पैसे मिळाले. हा वाद मालक विरुद्ध फंड एवढाच नसतो हो. आम्हीही तिथेच असतो.

पवईकर:
रानवारा, तुमच्यावर झाला तो अन्यायच. पण चलनं तपासायला चांगला सीए पुरतो, त्यासाठी मालकीतला हिस्सा कशाला द्यायचा? सॉफ्टवेअरवाली झोहो आणि शेअर दलालीतली झिरोधा बाहेरचं भांडवल न घेता उभ्या राहिल्या.

हिशेबवही:
सीएची फी मालक देतो. मालकाने कागद दिलेच नाहीत तर तो फार तर काम सोडेल, डेलॉइटने तेच केलं. आणि पुण्याचंच घ्यायचं तर पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी बघा. १९९०ची कंपनी, २००५ मध्ये नॉरवेस्ट आणि गॅब्रिएल या फंडांचे पैसे घेतले, २०१० मध्ये शेअर बाजारात गेली. संस्थापक आनंद देशपांडे त्यानंतरही तिथेच राहिले. पैसा आला की संस्थापक जातोच, असं नाही.

पवईकर:
पर्सिस्टंट तोवर पंधरा वर्षं चाललेली होती. तिला अटी घालता आल्या. भाच्याला घालता येतील का, एवढंच विचारतोय. फंडाशी होणाऱ्या कराराच्या मसुद्यात पाचव्या खुर्चीबद्दल काय लिहिलंय?

हिशेबवही:
आत्ता भाच्याकडून मसुदा मागवून वाचला. ‘स्वतंत्र संचालक फंड सुचवेल, संस्थापकांशी सल्लामसलत करेल.’ सल्लामसलत, संमती नाही. म्हणजे तीन त्यांचे, दोन आपले. रकमेचा आणि टक्क्यांचा हिशेब मी चार वेळा तपासला होता, ही ओळ माझ्याही नजरेतून सुटली.

सनद:
तिथे ‘दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने’ असं घालून घ्या. संचालकाला काढायला भागधारकांचा साध्या बहुमताचा ठरावही पुरतो, तेव्हा संस्थापकाला कोणत्या कारणाने दूर करता येईल तेही करारात लिहून ठेवा. सही झाल्यावर यातलं काही मिळत नाही.

पवईकर:
आणि फंड नाही म्हणाला तर?

हिशेबवही:
तर हे पैसे घेऊ नकोस, असं मीच त्याला सांगेन. दुसरा फंड शोधू. पण तिथेही बोर्डावर बाहेरचा माणूस घेच म्हणेन. रानवारा यांचे सात महिने वाचल्यावर तर नक्कीच.