मदत हवी आहे : स्मार्ट मीटरच्या डेटात ११० वॉट कुठे जातात?

सिंगल फेज स्मार्ट मीटरचा अर्ध्या तासाचा डेटा एक्सेलमध्ये घेतला आहे. प्रत्येक आकडा त्या अर्ध्या तासातले युनिट दाखवतो, म्हणून दुपटीने गुणलं की सरासरी किलोवॉट मिळतात. घर बंद असताना, पंखे-दिवे काहीही चालू नसताना, पहाटे २ ते ५ मध्ये सलग ०.०९ युनिट येतात, म्हणजे १८० वॉट. फ्रिजची सरासरी ४५, राउटर १०, सेट टॉप बॉक्स १२ धरला तरी ११० वॉटचा हिशेब लागत नाही. महिन्याला हे ७९ युनिट होतात, सोडून देण्यासारखे नाहीत.

संशय इन्व्हर्टरवर आहे. १५० एएचची जुनी लेड अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरही किती वॉट ओढते? कोणी प्रत्यक्ष मोजलंय का?

दुसरी शंका गळतीची. आपल्याकडचे मीटर फेज आणि न्यूट्रल यांपैकी जास्त करंट धरून युनिट मोजतात. त्यामुळे अर्थिंगमधून करंट जात असेल तर तोही बिलात येतो. मीटरच्या डिस्प्लेवर हे दोन्ही करंट वेगळे दिसतात का, आणि किती फरकाला काळजी करावी?

एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा मुख्य स्विच) बंद करून बघणार आहे, प्रत्येक किमान दोन पूर्ण अर्धे तास, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच चालू-बंद होऊन आकडा फसवतो. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे एका युनिटला मीटरचा छोटा दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, त्या हिशेबाने १८० वॉटला साधारण सव्वासहा सेकंदांनी एक लुकलुक. झटपट तपासणीला हे पुरेसं आहे का? डेटातली वेळ अर्ध्या तासाच्या सुरुवातीची असते की शेवटची, हेही सांगा.